फ्रीजला ताप चढतो

मुलांनो, आज तुम्ही जिथे बसला असाल तिथेच बसा. फक्त मनाने माझ्याबरोबर वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेला चला. साल धरा १९८३. वैशाख महिना आहे, भर दुपार आहे. नळाची तोटी सोडली तर चहाचं आधण वेगळं ठेवायला नको, असं पाणी येतंय. अंगण ओलांडायचं तर एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उडी मारावी लागते. कडुलिंबावर कावळा चोच उघडून बसलाय, पण ओरडायचं त्याच्या जिवावर आलंय. झाली अंगाची काहिली? आता अशा दुपारी एका घराच्या बैठकीत एक पांढरं कपाट उभं आहे आणि त्याच्या आत सगळा पौष महिना भरून ठेवलाय, असं समजा.

ते घर मधुकरराव उमाट्यांचं. मधुकरराव एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. घरात आई मनकर्णाबाई, बायको रुख्मिणी आणि पाचवीतून सहावीत गेलेली धाकटी मुलगी लीना. थोरली यशोदा आदल्या वर्षी समुद्रपूरला दिलेली. आणि खरं सांगायचं तर ते पांढरं कपाट घरात आलं होतं यशोदेमुळेच.

त्याचं असं झालं. आमच्याकडे लग्न झालं की पुढची काही वर्षं दोन्हीकडचे व्याही एकमेकांना आंब्याच्या रसाचं जेवण देतात. जेवण साधंच असतं, पण कोणी कसा रस दिला याची आठवण दोन्ही घरांत वर्षानुवर्षं काढली जाते. गेल्या उन्हाळ्यात उमाटे मंडळी समुद्रपूरला गेली होती. यशोदेचे सासरे लक्ष्मणराव कपाशीचे मोठे शेतकरी. त्यांनी रसाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, सकाळीच दोराला बांधून विहिरीत सोडलं होतं. पंगतीत रस वाढला तेव्हा दात शिवशिवले. लक्ष्मणराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "व्याहीबुवा, तुमच्याकडे नळ आहेत, लाइट आहेत, सिनेमा आहे. पण ठंडा रस कुठून भेटन? थो आमच्याच हिरीत भेटते."

मधुकररावांनी हातातला घास ताटात ठेवला. "पुढच्या साली तुम्ही आमच्याकडे या," ते म्हणाले. "याच्याहून ठंडा चारतो."

"पैज?" लक्ष्मणराव हसले. "ठंडा रस भेटला तं सूनबाईले मिरगापर्यंत तुमच्याकडंच ठेवून येतो. नाई भेटला तं आल्या पावली संगं वापस घेऊन येतो."

सगळे हसले. व्याह्यांचं बोलणं थट्टेचं असतं की खरं, हे थोरांनाही लवकर कळत नाही. लीनाला मात्र हसू आलं नाही. ताई मिरगापर्यंत, म्हणजे पेरणीचे दिवस लागेपर्यंत राहील की नाही, हे आता रसावर ठरणार, एवढं तिने मनात पक्कं लिहून ठेवलं.

म्हणून या वर्षी फ्रीज आला. हातगाडीवरून आला आणि त्याच्यामागे सगळी गल्ली आली. शेजारचे बंडूजी तर गल्लीच्या तोंडापासूनच "सांभाळून, सांभाळून" म्हणत गाडीपुढे उलटे चालत होते. बंडूजींचं कापडाचं दुकान होतं, पण त्यांना कापड सोडून बाकी सगळ्या विषयांतलं कळत असे.

"भिंतीले एकदम चिकटवून ठेवा, मधुकरराव," बंडूजींनी सांगितलं. "कोपऱ्यात. दोनी बाजूनं भिंत पाह्यजे. नाई तं पोट्टे झोंबतीन अन् थो पडन."

फ्रीज कोपऱ्यात दडपला गेला. मनकर्णाबाईंनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. लीनाच्या आत्याने विणलेलं झालरीचं आच्छादन डोक्यावरून थेट मागेपर्यंत सोडलं. आच्छादनावर पितळी हरीण ठेवलं. मग मधुकररावांनी घसा साफ करून दार उघडलं, आतला दिवा लागला आणि सगळ्या गल्लीच्या तोंडून 'आऽऽ' निघाला. मधुकररावांची इतकी वर्षं नोकरी झाली होती, पण त्यांच्या कुठल्याही कृतीवर असा आवाज कधी निघाला नव्हता. त्यांनी दार पुन्हा एकदा उघडून दाखवलं. नंतर चार-पाच वेळा उघडलं. फ्रीजचं दार उघडलं की आतला गारवा पायांवर सांडून जातो आणि तो परत भरायला यंत्राला राबावं लागतं, हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आलं नाही. तुमच्या येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शकुबाई वाटी घेऊन आल्या. "रुख्मिणी, एवढं दही ठेवतं का वं? आंबट होऊन जाते माय उन्हानं."

एका वाटीला कोण नाही म्हणेल? संध्याकाळी भिजवलेली कणीक आली. मग कोणाचा मोगऱ्याचा गजरा आला, कोणाची मेथीची जुडी आली, कोणाचं खोकल्याचं औषध आलं. बंडूजींनी तर बॅटरीचे सेल आणून ठेवले. ठंडीत सेलचा जीव वाढतो म्हणे. मनकर्णाबाई हे सगळं पाहत जपमाळ ओढत होत्या. "मधू," त्या म्हणाल्या, "फिरिज आपला हाय का गल्लीचा?"

"आई, शेजारधर्म आहे."

"आहे नं. पण आपलं दूध खाली चुलीपाशी काऊन ठेवलं मंग?"

दूध खाली होतं कारण फ्रीजमध्ये जागा नव्हती. रुख्मिणीने जागा करून दूध आत ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी चहाला लसणाचा वास. कारण शकुबाईंची लसणाची चटणी उघड्या वाटीत शेजारीच बसली होती. नेमके त्या दिवशी मधुकररावांचे साहेब चहाला आले होते. त्यांनी एक घोट घेतला, कप हळूच खाली ठेवला आणि "काहीतरी आयुर्वेदिक दिसतंय, चांगलं असतं" असं म्हणून ते निघून गेले. मधुकररावांच्या मानेवर कानापर्यंत लाली चढली. ती रात्रीच्या जेवणापर्यंत उतरली नव्हती.

त्यात रुख्मिणीची एक सवय. तिला अन्न वाया गेलेलं खपत नसे. वरण उरलं की चुलीवरून उतरवून तसंच वाफाळतं आत. पातेल्यावर झाकण नाही. ती वाफ आत जाऊन वरच्या बर्फाच्या खणाभोवती गोठायची. बर्फाचे थर असे जमले की त्या खणाचं दारही लागेना. बंडूजी विळी घेऊन बर्फ खरवडायला निघाले होते. लीनाने विळीच लपवून ठेवली, म्हणून फ्रीज वाचला. त्या खणाच्या पातळ पत्र्यामागून गार करणाऱ्या वायूच्या नळ्या जातात. त्यांतल्या एकीला भोक पडलं असतं तर पुढची गोष्ट इथेच संपली असती.

आणि मग एक दिवस फ्रीज गार करीनासाच झाला. नुसती घरघर चालू. थांबेचना. पाणी कोमट, दही आंबट, गजरा काळा. मनकर्णाबाईंनी मागे हात घालून पाहिला आणि चटकन काढून घेतला.

"अवं माय! याले तं ताप चढला!"

खरंच होतं. फ्रीजची पाठ तव्यासारखी तापली होती.

आता मुलांनो, आमच्या भागात उन्हाळ्यात गार ठेवायची एक रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. पाण्याच्या रांजणाला ओलं पोतं गुंडाळतात. खिडकीला वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडतात. ओल्याचं पाणी उडतं, आणि उडता उडता आतली गरमी घेऊन जातं. पिढ्यान् पिढ्या आम्ही हे करत आलो. त्यामुळे तापलेला फ्रीज पाहिल्यावर उमाट्यांच्या घरात जे सुचलं ते दुसरीकडे कुठे सुचलं नसतं.

"पोतं ओलं कर वं रुख्मिणी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "दोन कर."

फ्रीजला मागून, बाजूने ओली पोती गुंडाळली. वर सुतळी. मधुकररावांनी त्यावर वाळ्याची ताटी उभी केली. ते दोन पावलं मागे सरून पाहू लागले. फ्रीज आता आजारी म्हाताऱ्यासारखा दिसत होता, डोक्यावर हरीण ठेवलेल्या. पण वास झकास सुटला होता.

बंडूजी आले. त्यांनी चारी बाजूंनी पाहिलं. "हे झालं डोक्याचं काम," ते म्हणाले आणि शाबासकी देण्यासाठी फ्रीजच्या मुठीवर हात ठेवला. पुढच्या क्षणाला ते दिवाणावर बसलेले होते. कसे बसले ते त्यांनाही कळलं नाही.

"काय झालं?" मधुकररावांनी विचारलं.

"काई नाई," बंडूजी बोटं झाडत म्हणाले. "ठंडीचा जोर आहे. आतून धक्का मारून राह्यली ठंडी."

ती ठंडी नव्हती, वीज होती. ओल्या पोत्यातून ती मुठीपर्यंत पोचली होती. बंडूजींचं नशीब आणि पायांतल्या रबरी चपला, म्हणून एवढ्यावर भागलं. विजेच्या कुठल्याही वस्तूला ओलं काही लावायचं नाही, ओल्या हाताने तिला शिवायचंही नाही. हे मी एकदाच सांगतो, पण तुम्ही दोनदा ऐका.

मधुकररावांनी मात्र ठरवून टाकलं की दोष विजेच्या दाबाचा आहे. रसाचं जेवण तोंडावर आलं होतं. समुद्रपूरला निरोप गेला होता. ते तरातरा वीज कचेरीत गेले.

खिडकीपलीकडच्या कारकुनाने विचारलं, "अर्ज आणला का?"

"अहो, फ्रीज चालत नाही. दाब कमी पडतोय."

कारकुनाने कुठलंसं बाड उघडून बोट फिरवलं. "तुमच्या मंजूर भारात दिवे आहेत, पंखा आहे, रेडिओ आहे. फ्रीज नाही."

"पण घरात आहे ना!"

"आमच्याकडे नाही. जो फ्रीज नाहीच, तो चालत नाही अशी तक्रार आम्ही कशी घेणार? आधी भारवाढीचा अर्ज करा. मग पाहणी होईल. मग बघू. सध्या साहेब दौऱ्यावर आहेत."

मधुकरराव खिडकीचे गज धरून उभे राहिले. यातलं प्रत्येक वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. 'पाहणी होईल', 'मग बघू', 'साहेब दौऱ्यावर आहेत'. स्वतःच्या टेबलामागे बसून ती त्यांनी इतक्या लोकांना इतक्या गोड आवाजात ऐकवली होती. ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूने कशी लागतात, हे आज कळलं. ते घरी आले आणि टोपी न काढताच दिवाणावर पडून राहिले.

"निरोप पाठवतो समुद्रपूरले," ते छताकडे पाहत म्हणाले. "म्हणा, हेडक्लार्कची तब्येत बिघडली."

"अन् ताई?" लीनाने विचारलं.

त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली.  मग लीना फ्रीजकडे गेली. तो आता बंद करून ठेवला होता. तिने पोत्याची कड उचलून मागे डोकावलं.

"आजी," ती म्हणाली, "हा आला त्या दिवशी मी याच्या मागं हात घातलता. तवाबी मागून गरमच लागलं होतं. पण आत एकदम ठंडं होतं."

"मंग?"

"मंग थो ताप नसन. आतली गरमी थो मागून बाहीर फेकत असन. आपण भिंतीले चिकटवला, वरून झालर सोडली, मंग पोतं गुंडाळलं. आता थो गरमी फेकीन कुठं?"

"अवं, रांजणाले गुंडाळतोच नं आपण," रुख्मिणी म्हणाली.

"रांजण फेकत नाई काही. थो उगाच बसून राह्यते. हा काम करते." लीनाला नीट शब्द सापडेना. तिने आजीचा पदर उचलून आजीच्याच नाकातोंडावर धरला. "आता पळ बरं गल्लीच्या तोंडापर्यंत."

"अवं सोड! जीव घेतं का माहा?" मनकर्णाबाई पदर झटकून श्वास घेत म्हणाल्या.  त्यांनी फ्रीजकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. "मधू," त्यांनी हाक मारली, "टोपी काढ अन् उठ. या बिचाऱ्याचं नाक मोकळं कर."

"आई, ती लहान आहे."

"लहान आहे म्हणून तं तिले दिसलं. आपण सारे मोठाले उभे राहून त्याचा श्वास कोंडून राह्यलो होतो. उठ!"

मधुकरराव उठले. पोती सुटली, ताटी गेली, झालर गेली. हरीण खिडकीत गेलं. बापलेकीने मिळून फ्रीज कोपऱ्यातून ओढला आणि भिंतीपासून हातभर पुढे, सावलीच्या बाजूला, मोकळ्यात उभा केला. मागची जाळी कोरड्या फडक्याने पुसली, तेव्हा तिच्यातून धुळीच्या आणि लोकरीच्या गुठळ्या निघाल्या. मग आतलं सामान.

हे काम सगळ्यात कठीण. वाटी घेणं सोपं असतं, परत देताना तोंड कुठे लपवावं कळत नाही. मधुकरराव एका हातात लसणाची चटणी आणि दुसऱ्या हातात बंडूजींचे सेल घेऊन दारोदार निघाले. शकुबाई म्हणाल्या, "आता आमची चटणीबी जड झाली का भाऊजी?"

"तसं नाही हो. डॉक्टरनं सांगितलं, त्याले हलकं खाणं द्या."

"कोन्ता डॉक्टर?"

"घरचीच आहे," मधुकरराव म्हणाले. तसं म्हणताना आपल्याला लाज वाटली नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

एक सबंध दिवस फ्रीज जवळजवळ रिकामा चालला. जमलेला बर्फ आधीच वितळवून घेतला होता. आणि काय सांगू, मधूनमधून त्याची घरघर थांबू लागली. सुरुवातीच्या दिवसांत ती थांबली की मधुकररावांच्या छातीत धडकी भरायची. आता लीना म्हणाली, "थो आराम करून राह्यला," आणि सगळे हळू आवाजात बोलू लागले, जसं काही घरात तान्हं बाळ झोपलंय.

जेवणाचा दिवस उजाडला. पहाटेच रस काढला. रुख्मिणीला तो एकाच मोठ्या गंजात ठेवायचा होता, पण लीनाने झाकणाचे लहान लहान डबे मागितले. दोन डब्यांत बोटभर अंतर सोडून तिने ते लावले. "गारव्याले फिरायले जागा पाह्यजे," ती म्हणाली. रुख्मिणीने वरणाचं गरम पातेलं ओट्यावरच निवत ठेवलं.

समुद्रपूरची मंडळी एसटीने यायची होती. ती स्टँडवर उतरली असेल नसेल, तोच इकडे पंखा थांबला. फ्रीजची घरघरही थांबली. आरामासाठी नव्हे, लाइट गेली होती.

मधुकररावांचा चेहरा पाहवेना. ते फ्रीजकडे धावले. "पाहू दे, पाहू दे ठंडा आहे का अजून."

लीना दाराला पाठ लावून खाली बसली. "उघडायचं नाई, बाबा."

"फक्त बोट लावून पाहतो!"

"बोटासंगं सारी गरमी आत जाईन. बंद राह्यला तं ठंडा राहीन."

रुख्मिणी म्हणाली, "निदान एक डबा काढून रांजणात..." लीनाने मान हलवली. बंडूजी धीर द्यायला आले होते. त्यांनी "थोडासा फट करून" पाहण्याची सूचना केली. लीनाने मान हलवली. तेवढ्यात बाहेरच्या ओट्यावर वहाणांचा आवाज आला आणि लक्ष्मणराव आत आले. मागे त्यांची बायको भागीरथाबाई, जावई, आणि सगळ्यांत मागे यशोदा. तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. ती तिने आतही आणली नाही आणि बाहेरही ठेवली नाही. उंबरठ्यावरच टेकवली.

"वा वा व्याहीबुवा!" लक्ष्मणराव घाम पुसत म्हणाले. "लाइट तं गेली तुमची! आमच्या हिरीची लाइट कधी जात नाई बरं. दाखवा तं खरं, कोन्ती आणली अलमारी?" आणि ते सरळ फ्रीजच्या मुठीला हात घालायला पुढे झाले.

लीना हलली नाही.

"मामाजी, नाई उघडायचा," ती म्हणाली.

 व्याह्याला, तोही पहिल्यांदा रसाच्या जेवणाला आलेला, त्याला घरातली पोरगी नाही म्हणते! रुख्मिणीने डोळ्यांवर पदर घेतला. मधुकरराव पुढे झाले. एका बाजूला व्याह्यांचा मान, दुसऱ्या बाजूला दाराला टेकलेली लीना. आयुष्यभर साहेबांपुढे 'हो' म्हणत आलेला तो माणूस लीनाच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"लीना म्हणते ते बरोबर आहे, व्याहीबुवा," ते म्हणाले. "पंगत बसल्यावरच उघडू."

लक्ष्मणरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या पोरीकडे पाहिलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. "काऊन वं पोट्टे?"

"मामाजी, तुम्ही गंज हिरीत सोडल्यावर दोर वरखाली करू देता का कोणाले?"

"कोणाची हिंमत आहे!" लक्ष्मणराव एकदम म्हणाले. आणि मग त्यांना आपणच काय बोललो ते ऐकू आलं. ते असे हसले की खिडकीतलं हरीण हललं. "वाढा पानं! भूक लागली आता."

पंगत बसली. कुरडया आल्या, पाटवड्या आल्या, निवलेलं वरण नव्याने गरम करून आलं. पोळ्या वाढून झाल्यावर लीना उठली. तिने दार उघडलं, झटपट डबे काढले आणि दार लावलं. डब्यांच्या अंगावर बारीक थेंब फुटले होते. मधुकररावांनी पहिली वाटी व्याह्यांच्या पानापुढे ठेवली.

लक्ष्मणरावांनी पहिला घोट घेतला. डोळे मिटले. वाटी रिकामी केली.  दुसरी वाटी पुढे केली. ती संपवली. तिसरी पुढे केली. भागीरथाबाईंनी त्यांना कोपर मारलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मधुकररावांना वाटलं, सरकारी फाइलवर सहीसाठीही आपण एवढी वाट पाहिली नसेल.

"हिरीच्या रसाची गोठ येगळी," लक्ष्मणराव शेवटी मिशा पुसत म्हणाले. "तिची चव याले नाई."

यशोदेने मान खाली घातली.

"पण ठंडा आहे," ते म्हणाले. "माह्या दाताले विचारा. सूनबाई, थे पिशवी उंबरठ्यावर काऊन ठेवली? लोकाइले अडथळा होते. मिरगाआधी मी येतो घ्याले."

सगळे एकदम बोलू लागले. रुख्मिणी रडत हसू लागली, बंडूजी सगळं आपल्याच सल्ल्याने झाल्याचं जावयांना सांगू लागले, आणि त्याच गडबडीत लाइट आली. पंखा फिरू लागला. लीना तेवढ्यात कुठे गेली, ते कोणी पाहिलं नाही.

मोठ्या माणसांचा शब्द बदलतो, हे तिला ठाऊक होतं. तिने उंबरठ्यावरची ताईची पिशवी उचलली, मागच्या अंगणात नेली, आतलं सगळं, लुगडी, पोलकी, रुमाल, अगदी घडी न मोडलेलंही, बाहेर काढलं आणि न्हाणीतल्या मोठ्या बादलीत साबणाच्या पाण्यात भिजत घातलं.